भिंगरीनं हात धुतले होते का?

नाही, पण मी काय म्हणतो, माणसानं कटिंगला यावं, गुमान बसावं, डोळे मिटावेत, वाटलं तर घोरावं, घोरणाऱ्याची दाढीसुद्धा करतो हो आम्ही, सवय आहे हाताला... पण नाही! खुर्चीत टेकला नाही तोच सुरू! "काय मग, तुम्हाला काय वाटतं? मूळ होतं का त्या केसाला?" अहो, तुमच्या स्वतःच्या डोक्यावर उरलेत चार, त्यांच्या मुळांची काळजी करा की! पण असं बोलता येत नाही. आमच्या वडिलांनी माझ्या हातात वस्तरा द्यायच्या आधी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "खुर्चीत बसलेला माणूस कधी चुकत नाही. तो म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर तू हो म्हणायचं आणि विचारायचं, कल्ले केवढे ठेवू? ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानं मत बाळगू नये, गिऱ्हाईक घाबरतं." तर हा बाबा विचारतो, मूळ होतं का, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देतो, "नव्हतंच! मी सांगतो ना, नव्हतंच!" आता मी काय म्हणणार? म्हटलं, हो ना.

तुम्हाला ठाऊक नाही? कुठला केस, कसलं मूळ, काहीच नाही? मग तुमचे पाय धरायला हवेत हो, असा माणूस भेटत नाही हल्ली! बसा. तुम्हाला सांगतो.

आमची मुलगी, एकुलती एक. घरात भिंगरी म्हणायचो, कारण पाय एका जागी ठरायचा नाही. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, लग्नात फोटोवाला ओरडत होता, "अहो, नवरीला कुणीतरी धरा!" ती आमची भिंगरी एका संध्याकाळी तिच्या इमारतीच्या जिन्याखाली सापडली. पडली नव्हती. पाडली होती, आणि त्याआधी झटापट झाली होती, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. आणि तिच्या उजव्या मुठीत केस होते. थोडेच. तपासले. केस जावयांचे निघाले.

हां, आता इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. केस जावयांचे, हे जावईही मान्य करतात. जावई म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे, शांत माणूस, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. जावयाला आम्ही अहो-जाहो करतो. पकडून नेलं तेव्हाही अहो-जाहोच करत होतो, काय करू, जीभ वळायला नको? भांडण आहे ते केस मुठीत गेले कसे याचं. सरकार म्हणतं, झटापटीत तिनं ओढले. जावई म्हणतात, मी तिथं नव्हतोच, कामावर होतो. मग केस आले कुठून?

माझ्या अंगावरून.

हसू नका. म्हणजे हसा, सगळे हसले पहिल्यांदा, वकीलसुद्धा हसले. पण गोम अशी की त्याच दिवशी सकाळी जावई माझ्या खुर्चीत कटिंग करून गेले होते. आणि दुपारी दुकान बंद करून मी भिंगरीकडे गेलो होतो, हिनं विणलेलं स्वेटर पोचवायला. ही म्हणजे माझी बायको. आणि न्हाव्याच्या अंगावर केस नसतील तर कुणाच्या असतील? कॉलरमध्ये असतात, बाहीत असतात, मोज्यात असतात, डाळीत असतात! लग्न झाल्यापासून ही माझे कपडे वेगळे धुते. मग पोरीचा हात लागला असेल बापाच्या अंगाला, चिकटले असतील तळव्याला, मूठ वळली तेव्हा आत गेले असतील! ओढलेल्या केसाला मूळ असतं, कापलेल्याला नसतं, एवढं तर कुणालाही कळतं. म्हणून मूळ शोधायला गेले. पहिली प्रयोगशाळा म्हणाली, एका केसाला मूळ आहे. दुसरी म्हणाली, आता काही सांगता येत नाही, पहिल्यांनी तपासता तपासता टोकच खराब केलंय. झालं! मूळ होतं असं म्हणणारे एकीकडे, नव्हतं म्हणणारे दुसरीकडे, आणि मध्ये माझं दुकान!

तुम्हाला सांगतो, दुकानात दोन खुर्च्या. एक माझी, एक धाकट्या भावाची. कधी कसं ठरलं देव जाणे, पण भावाच्या खुर्चीत बसणारा म्हणजे 'जावयानंच केलं' आणि माझ्या खुर्चीत बसणारा म्हणजे 'जावयाला गोवलं'. अहो, खुर्ची रिकामी असली तरी माणसं बाकावर थांबायची! "नाही नाही, मी त्या खुर्चीचा नाही!" औषधाच्या दुकानवाले भावाच्या खुर्चीचे, बँकेतले साहेब माझ्या. आणि दोघं भांडायचे आरशातून! मान वळवता येत नाही ना, गळ्यापाशी वस्तरा, मग आरशात एकमेकांकडे डोळे वटारून. औषधवाले म्हणायचे, "मूळ दिसलं एकदा, मग वाद कसला?" आणि आरशातून माझ्याकडे बघायचे. म्हटलं, हो ना. साहेब म्हणायचे, "एकानं पाहिलं आणि दुसऱ्याला दिसत नाही, त्याला पुरावा म्हणतात?" म्हटलं, हो ना. एकदा तर बँकेतले साहेब मुद्दा मांडता मांडता ताडकन उठले आणि अर्धी मिशी माझ्या वस्तऱ्यावर राहिली! पण माणूस मुद्द्याचा पक्का. अर्ध्या मिशीनं मुद्दा पूर्ण केला आणि मग किंचाळले.

तुम्ही म्हणाल, बापासमोर बोलवतं कसं लोकांना? अहो, पहिल्यांदा यायचे ते खाली मान घालून यायचे, खांद्यावर हात ठेवायचे, डोळे पुसायचे. पण दुःखाला किती वेळ लागतो हो? लोकांच्या दुःखाला म्हणतोय मी. एका कटिंगपुरतं असतं ते. पुढच्या कटिंगला मत तयार! आणि गिऱ्हाइकाला न्हावी दिसतच नाही, त्याला हात दिसतो. बाप त्या हाताच्या मागं कुठंतरी उभा असतो. दुकान बंद ठेवून बघितलं की मी. पण घरात ही त्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे गुंडे उलगडायची आणि परत गुंडाळायची, बघवायचं नाही. म्हणून परत दुकान उघडलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तेही खोटं आहे. ज्याचं जळतं त्याला धुरात काहीच दिसत नाही. कळतं ते बाजूला उभं राहून बघणाऱ्यांना. त्यांना सगळंच कळतं!

आणि टीव्ही! उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे एका जागी बघायचे असतील तर संध्याकाळी टीव्ही लावा. चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, प्रत्येकीत एक माणूस ओरडतोय. एक आणला होता, खाली पट्टी लिहिलेली, 'केसांचे तज्ज्ञ'. आणि माणूस कसा? तुळतुळीत! एक केस नाही डोक्यावर! म्हटलं, याचा अभ्यास आठवणीतून चाललाय. तो म्हणाला, तळव्याला चिकटलेला केस एकदा हात धुतला की निघून जातो. आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत कुठलीही बाई हात धुणारच. लगेच दुसरा ओरडला, "कशावरून? कशावरून धुतले?" तिसरी बाई म्हणाली, "स्वयंपाकाला लागली असेल तर धुणारच!" "आणि नसेल लागली तर?" आणि मग त्या निवेदकानं, तुम्हाला खोटं वाटेल, त्या निवेदकानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा! तिनं हात धुतले होते का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन!"

माझ्या पोरीनं हात धुतले की नाही यावर मतदान, हो! हिच्या हातात फोन होता. मी बघतोय, ही त्या आकड्यांवर बोट धरून बसलीय. कुठलं दाबणार होती कुणास ठाऊक. मग म्हणाली, "ती जेवायच्या आधी तरी कधी धुवायची का? मागं लागायला लागायचं मला." आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवला तर भावाच्या खुर्चीतून प्रश्न, "काय हो, धुतलेच असणार की!" म्हटलं, हो ना. आणि माझ्या खुर्चीतून, "घाईत राहून जातं माणसाचं!" म्हटलं, हो ना.

या हो ना पायी एकदा फार मोठा घोळ झाला. एक सभ्य माणूस आला, दाढी करा म्हणाला. साबण लावला. बिचारा हळू बोलायचा, "काका, किती सहन केलंत तुम्ही," म्हटलं, हो ना. "पुरावा सगळा गोंधळाचा आहे," म्हटलं, हो ना. "म्हणजे शंकेला जागा आहेच की." म्हटलं, हो ना... संध्याकाळी टीव्हीवर माझा फोटो! खाली हे एवढ्या अक्षरांत, 'वडिलांनाही शंका!' दाढी करून घेणारा बातमीदार निघाला! भाऊ म्हणाला, "दादा, तू बोललासच का?" आता त्याला काय सांगू? मी बोललो नव्हतो रे, मी दाढी करत होतो.

त्या बातमीनंतर सरकारी वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. हुशार बाई, पोटतिडकीनं लढत होत्या, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. चहा दिला. म्हणाल्या, "काका, साक्षीत तुम्हाला एकच महत्त्वाचं विचारणार आहेत. दुपारी तुम्ही गेलात तेव्हा मुलीचा हात तुमच्या कपड्यांना लागला का? माझं एवढंच म्हणणं आहे, ठामपणे आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. यात खोटं काही नाही. अशा धक्क्यानंतर माणसाला काय आठवणार? पण तुम्ही हो म्हणालात तर माझ्या हातात काही राहत नाही. मुळाचा घोळ झालाच आहे, त्यात हे." मी मान डोलावली. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग? आठवत नाही म्हणायचं. जड आहे का?" हिची खात्री होती जावयांनीच केलं याबद्दल. मायेला कळतं म्हणते. मला? मला कळत नव्हतं हो. सकाळी ज्याच्या मानेवर मी पावडर लावली त्या माणसानं संध्याकाळी... नाही कळत. केलं असेल तर सुटू नये. नसेल केलं तर अडकू नये. आपलेच दात, आपलेच ओठ! पण ठरवलं, आठवत नाही म्हणायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. "आठवत नाही." भाऊ म्हणाला, "बरं जमतंय."

आणि गेलो कोर्टात. पिंजऱ्यात उभा. जावयांचे वकील उठले. मला वाटलं ओरडतील, टेबल आपटतील. तर तसं काहीच नाही! मऊ आवाज. जवळ आले, थोडे वाकले, अगदी खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक बोलतं ना, तसं बोलले. "काका, मुलीचा तुमच्यावर फार जीव होता ना?" म्हटलं, हो ना. "तुम्ही घरी गेलात की काय करायची ती? दार उघडल्यावर?"

तुम्हाला सांगतो... एवढ्या दिवसांत, एवढ्या माणसांत, टीव्हीवर, दुकानात, पोलिसांत, मूळ विचारलं, टोक विचारलं, हात धुतले का विचारलं... दार उघडल्यावर भिंगरी काय करायची हे कुणी विचारलंच नव्हतं मला! कुणी म्हणजे कुणी नाही! आणि मी बोलायला लागलो. म्हटलं, साहेब, दार उघडायची आणि आधी ओरडायची, "बाबा, थांबा! निम्मं दुकान घेऊन आलात अंगावर! आत नाही घेणार!" आणि मग उंबऱ्यावरच माझे खांदे झटकायची. आधी डावा, मग उजवा. मग कॉलर उचलून आत फुंकर मारायची, लहान असल्यापासून मारायची, आणि मला गुदगुल्या व्हायच्या, आणि मी हसलो की म्हणायची, "आता या." साहेब, तेव्हा तिचा हात माझ्या खांद्याला पोचायचा नाही, स्टूल आणायची...

वकीलबाई उभ्या राहिल्या, काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू नाही आलं. जावयांच्या वकिलांनी विचारलं, "आणि त्या दिवशी?" फक्त एवढंच. आणि त्या दिवशी?

होते की माझ्याकडे दोन शब्द. आरशासमोर म्हणून बघितलेले. आठवत नाही. म्हटलं असतं तर कदाचित जावई आतच राहिले असते, ही शांत झोपली असती, भावाच्या खुर्चीतल्यांनी पेढे वाटले असते. पण मला सांगा, तिनं मला शेवटचा हात लावला तो कधी? तेव्हाच ना? त्यानंतर तिनं हात लावला असेल तर एकाच माणसाला, आणि ते जिन्यात. मग मी काय म्हणायचं? की तिनं मला हात लावलाच नाही? दारात नुसतं स्वेटर घेतलं आणि मी परत फिरलो? ते मला म्हणवेना हो. नाही म्हणवलं. म्हटलं, "त्या दिवशी पण. आधी डावा, मग उजवा." वकील म्हणाले, "उजव्या हातानं?" म्हटलं, हो ना.

संशयाचा फायदा. दोन-तीन महिन्यांनी निकाल लागला, त्यात हे शब्द होते. बाकी पुष्कळ पानं होती, ती वकिलांनी वाचली. मला विचाराल तर संशय सगळा माझ्या वाट्याला आला आणि फायदा जावयांच्या.

आणि बाहेर आलो तर जिन्यावर ही गर्दी, कॅमेरे, धक्काबुक्की, आणि त्यातून वाट काढत जावई सरळ माझ्याकडे! मिठीच मारली! "बाबा," म्हणाले, "बाबा..." रडत होते. खरं रडणं होतं का, मला विचारू नका, रडण्याला मूळ असतं की नाही ते अजून कुठल्या प्रयोगशाळेत कळत नाही. मी आपला उभा. हात कुठं ठेवायचे कळेना. आणि समोर त्यांचं डोकं, तुरुंगात कुणी भादरलेलं देव जाणे, कानावर झिपऱ्या, मानेवर जंगल. आणि माझ्या तोंडून... अहो, एवढी वर्षं दुकानातून बाहेर पडणाऱ्याला, रस्त्यात भेटणाऱ्याला, लग्नात, मयतीत, सगळ्यांना निरोप देताना एकच वाक्य म्हणतो मी, तेच निघालं. म्हटलं, "केस वाढलेत. येऊन जा."

येऊन जा! खुनाचा आळ असलेल्या माणसाला, पोरीच्या बापानं! सगळ्या कॅमेऱ्यांत टिपलं गेलं. 'सासऱ्यांनी मोठ्या मनानं माफ केलं!' चौकटीत चौकट, परत सुरू. एक म्हणतो थोर माणूस, दुसरा म्हणतो विकला गेला, तिसरा म्हणतो हे ठरवून केलेलं नाटक. बँकेतले साहेब म्हणाले, "तुम्ही सत्याला जागलात!" म्हटलं, हो ना. औषधवाले दुकानात येईनासे झाले, नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातात, तो कानाजवळ हमखास वर-खाली करतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

घरी गेलो तेव्हा ही लोकर घेऊन बसली होती. वाटलं ओरडेल, काहीतरी फेकेल. ओरडायला हवं होतं हो. ही वर न बघता म्हणाली, "त्या दिवशीपण फुंकर मारली का तिनं?" म्हटलं, "मारली." म्हणाली, "मला नाही सांगितलंत." एवढंच. त्यानंतर आमच्यात चहा-जेवणापुरतं बोलणं आहे. मी तरी काय सांगायला हवं होतं? दोघांच्या वाटणीचं एकट्यानं खाल्लं, असं वाटतंय मला.

आणि मग परवा... परवा दार ढकलून जावई आत आले.

बाकावर जे होते ते सगळे छापील अक्षरात तोंड खुपसून, पेपर उलटा धरलाय याचं भान नाही. काचेबाहेर बघता बघता माणसं जमली. भाऊ पुढं झाला, हळूच म्हणाला, "दादा, मी करतो." म्हटलं, नको. जावई माझ्या खुर्चीत बसले. मी कापड झटकून गळ्याभोवती बांधलं. घट्ट झालं का विचारलं. म्हणाले, नाही. मशीन घेतलं, कात्री घेतली. मागचं केलं, बाजूचं केलं, मानेवर साबण लावून वस्तरा धरला. काचेबाहेर कुणीतरी फोन वर केलेला मला आरशात दिसत होता. आणि तेवढ्यात जावयांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? मी केलं असेल?"

एवढ्या लोकांनी मत सांगितलं मला, आणि माझं विचारलं ते कुणी? त्यांनी! आणि विचारलं ते कधी? वस्तरा मानेवर असताना! बघत राहिलो मी आरशात. डोळे बघितले. तुम्हाला सांगतो, काही दिसलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काही म्हणजे काही नाही. नुसता कटिंगला आलेला माणूस. हो ना म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणायची हिंमत नव्हती.

म्हटलं, "हलू नका. लागेल."

मग त्यांनी डोळे मिटले, मी मान साफ केली, उरलेले केस कापले. तुम्हाला खरं सांगू? चांगले कापले हो. इतके चांगले मी वर्षभरात कुणाचे कापले नव्हते... काय करणार? हाताला दुसरं काही येतच नाही.